खुला वर्ग

खुल्या वर्गात यायला पंचशीला सोनकांबळेला आठ वर्षं लागली होती.

ती नांदेडच्या एस.टी. डेपोत मेकॅनिक. आयटीआय करून लागलेली. आठवडाभर बसगाड्यांच्या पोटाखाली उताणी पडून काम करायची आणि रविवारी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये स्वतःची जीप उघडून बसायची. ही जीप तिनं भंगाराच्या लिलावातून उचलली तेव्हा तिला गिअरबॉक्सच नव्हता. बाकीचं तिनं एकेक करत जमवलं. गाडी उलटली तर आतली माणसं चेंगरू नयेत म्हणून डोक्यावर लोखंडी पिंजरा लावतात, तोही तिनं स्वतः वेल्डिंग करून बसवला. तिचा नवरा सुगत अर्धापूरजवळच्या जिल्हा परिषद शाळेत गणित शिकवायचा. शर्यतीत तो तिच्या शेजारी मांडीवर वही घेऊन बसायचा आणि पुढचा रस्ता वाचून दाखवायचा. घरात ती त्याला 'अहो' म्हणायची. हेल्मेट चढलं की 'अरे, बोल की लवकर' सुरू व्हायचं. सुगतला त्याचं काही वाटत नसे.

औशाच्या पुढच्या मुरमाड माळावर दर हिवाळ्यात माळरान क्लब जीपच्या शर्यती भरवायचा. रस्ता नसलेल्या रानातून, नाल्यांतून, दगडांवरून. वर्ग तीन. साध्या वर्गात कंपनीतून आलेली गाडी तशीच पळवायची. सुधारित वर्गात टायर, स्प्रिंगा बदलायला परवानगी. खुला वर्ग सगळ्यात वरचा. तिथं गाडीत वाट्टेल ते बदला, पण चाळीस किलोमीटरचा सगळ्यात अवघड फेरा तुमच्या वाट्याला. खालच्या दोन वर्गांत मिळून सहा शर्यती पूर्ण केल्याशिवाय त्यात पाय ठेवता येत नसे. पंचशीलाचं एका हिवाळ्यात इंजिन बसलं, एका हिवाळ्यात बाळंतपण आलं. म्हणून आठ वर्षं.

"मी आता ओपनमधी," असं तिनं डेपोत सांगितलं तेव्हा सगळे हसले होते. "बाई, जातीचा दाखला बदलला का काय?" तीही हसली होती.

नियम मोडायची गोष्ट ऑक्टोबरात निघाली.

क्लबचे अध्यक्ष सटवाजी यांचं लातूरला ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान होतं. दुकानाच्या वरच्या खोलीत क्लबची अकरा माणसं जमली. बारावा मल्लिनाथ, दाराजवळच्या खुर्चीवर पाहुण्यासारखा बसलेला. लातूरच्या मोठ्या डाळमिलवाल्या घरातला, वय एकतीस. त्यानं परदेशातून बग्गी आणवली होती. तिला ना टप ना दरवाजे. नुसता नळ्यांचा सांगाडा आणि अंगाबाहेर काढलेली चार मोठी चाकं. दगडांवरून ती पाण्यावरून गेल्यासारखी जायची. राजस्थानात पाच दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आलेल्या मल्लिनाथला थेट खुल्या वर्गात उतरायचं होतं.

"या साली प्रायोजक न्हाई," सटवाजी म्हणाले. "ॲम्ब्युलन्स, वेळ मोजायची यंत्रं, वाटेवर उभं राहून लक्ष ठेवणाऱ्या मार्शल लोकांचं जेवणखाण, सगळं मल्लिनाथशेठ बघतो म्हणून राहिलेत. त्यांची एकच विनंती हाय."

"ही विनंती न्हाई. सौदा हाय," पंचशीला म्हणाली.

मल्लिनाथ हसला. चिडणारा माणूस नव्हता तो. "ताई, माझी गाडी खालच्या वर्गात बसतच नाही. मग काय जुनी जीप विकत घेऊ?"

"घ्या की. आम्ही घेतली."

"वर्षं वाया घालवायची कशाला? मला चालवता येतं."

"चालवता येतं हो. या माळावर फक्त चालवायचं नसतं."

"मग काय करायचं असतं?"

 आठ वर्षांत जे अंगात मुरलं ते एका वाक्यात कसं सांगायचं? तेवढ्यात मल्लिनाथ पुढं झुकून अगदी नरम आवाजात म्हणाला, "रागावू नका, पण दार बंद ठेवायची भाषा निदान तुम्ही तरी बोलू नये."

 तो 'तुम्ही' कोणता हे प्रत्येकाला कळलं होतं. सुगतनं वहीवरचं पेन खाली ठेवलं. 

"ऐका," ती म्हणाली. "माझ्या आज्याला पाणवठ्यावर येऊ दिलं न्हाई, ते दार वेगळं. ते जन्मावरून बंद होतं. हे दार सहा शर्यतींनी उघडतं, कुणालाबी. मला कुणी उचलून आत ठेवलं न्हाई, मी पायरी गाळली न्हाई. माझ्या आज्याचं नाव घेऊन तुमची पायरी गाळू नका."

मल्लिनाथ खाली बघायला लागला. पण मतदान व्हायचं ते झालंच. सात हात वर गेले, चार खाली राहिले. सातांतला एक हात उमाशंकर अण्णांचा होता.

तिला सगळ्यात जास्त लागलं ते हेच. उदगीरचे उमाशंकर अण्णा, वय बावन्न, गॅरेजवाले. तिला खुल्या वर्गापर्यंत आणणारा माणूस. नाल्यात गाडी तिरकी कशी उतरवायची, चाक हवेत गेलं की पाय कसा ढिला सोडायचा, हे ती त्यांच्याच शेजारी बसून शिकली होती. जिना उतरल्यावर तिनं त्यांना गाठलं.

"अण्णा, तुम्ही बी?"

"अगं, ॲम्ब्युलन्स नसली तर शर्यतच न्हाई. आन् पोरगं काही वाईट न्हाई. हौस हाय त्याला. रस्ता मी शिकवतो की."

"तो शिकायला थांबणार हाय का?"

"थांबंल. समदे थांबतात," अण्णा म्हणाले आणि तिच्या खांद्यावर थाप मारून स्कूटरकडं गेले.  त्या दिवशी तिनं त्यांना चहालाही विचारलं नाही.

शर्यत जानेवारीतल्या एका रविवारी होती. आदल्या दुपारी माळावर मंडपात सगळ्या चालकांची सूचना-बैठक झाली. मल्लिनाथ आला नाही. बग्गीजवळ उभा राहून तो कुणाच्या तरी मोबाईलला मुलाखत देत होता. त्याच्या जागी त्याची धाकटी बहीण शिवगंगा आली. शेजारी बसून रस्ता वाचायचं काम तिच्याकडं होतं. सव्वीस वर्षांची, चष्मा, कॉलेजच्या पोरीसारखी वही छातीशी धरलेली. मार्शल सांगेल ते सगळं तिनं उतरून घेतलं. गाडी बंद पडून माणसं ठीक असली तर अंगठा वर. मदत पाहिजे असली तर दोन्ही हात डोक्यावर, फुलीसारखे. फुली दिसली की जो कोण मागून येईल त्यानं थांबायचं. त्याचा गेलेला वेळ नंतर वजा होतो.

बैठक संपल्यावर ती पंचशीलाजवळ आली. "ताई, फुली म्हणजे कसलाही अपघात का?"

"कसलाबी. भावाला सांग."

"सांगते," शिवगंगा म्हणाली.

चिठ्ठ्यांत पहिला नंबर उमाशंकर अण्णांचा निघाला, दुसरा मल्लिनाथचा, तिसरा पंचशीलाचा. दोन गाड्यांमध्ये दहा मिनिटं. अण्णांच्या शेजारी त्यांचा पुतण्या रेवणसिद्ध बसला. सुटताना अण्णांनी वळून मल्लिनाथला हात केला, 'ये मागून' असा.

नवव्या किलोमीटरला पंचशीलाचा पुढचा टायर एका कडेच्या दगडानं फाडला. चाक बदलायला आठ मिनिटं गेली. स्वतःवर चरफडत तिनं गाडी पुन्हा दामटली. तुरीच्या काढलेल्या रानाची धसकटं, मग करडईचा बांध, मग नुसता उघडा मुरूम. सुगत वाचत होता, "डावीकडं बाभळ, शंभर मीटर, मग नाला, खोल, तिरकं उतर."

नाल्याच्या तोंडाशी तिनं ब्रेक दाबला.

खाली अण्णांची जीप कुशीवर पडलेली होती. पुढचा आस तुटला होता, एक चाक पाच-सहा हात लांब उडालेलं. रेवणसिद्ध दगडाला टेकून बसला होता. एक पाय वेडावाकडा, कपाळ फुटलेलं. त्यानं दोन्ही हात डोक्यावर धरले होते. धरून धरून ते थरथरत होते, तरी खाली येत नव्हते.

"ताई, काका... काकांचा हात..."

अण्णा पट्ट्यात अडकून लटकले होते. डावा हात मनगटापासून पिंजऱ्याच्या नळीखाली, नळी दगडावर, आणि सगळ्या जीपचं वजन त्या नळीवर. मुरूम काळपट ओला झाला होता. डिझेलचाही वास येत होता.

"आलीस का," अण्णा म्हणाले. आवाज लांबून आल्यासारखा.

पंचशीलानं जीप काठावर आडवी घेतली, पुढच्या बंपरावरची ओढायची तार सोडली, पळत खाली नेली, आकडा पिंजऱ्यात अडकवला. "अरे, तू हाताजवळ बस. मी एक वीतच उचलणार. सुटला की ओढ." सुगत गुडघ्यावर बसला. तार ताणली, करकरली, नळी दगडावरून उठली. अण्णांनी जी आरोळी मारली ती सुगतला पुढं कित्येक महिने वर्गात फळ्यासमोर उभं असताना ऐकू यायची. त्यानं स्वतःचा कमरेचा पट्टा काढून अण्णांच्या दंडाला आवळला.

"किती वेळ झाला?" पंचशीलानं रेवणसिद्धला विचारलं.

"लई झाला. वीस मिन्टं... जास्तच."

"मल्लिनाथ कुठून गेला? मागून यायला पायजे होता."

रेवणसिद्धनं तिच्याकडं बघितलं. त्याच्या तोंडावर राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं, अजूनही. "इथूनच गेला की. तिथून, तुमच्या गाडीच्या जागेवरून. हळू झाला. बघितलं. आन् गेला."

नाल्यात मोबाईलला रेंज नव्हती. बग्गीत मात्र वायरलेस होता. शर्यतीआधी मल्लिनाथनं तो सगळ्यांना दाखवला होता. दोन मिनिटांत ॲम्ब्युलन्स निघाली असती. तिनं ते मनात आलेलं तिथंच दाबलं. सुगतला रेवणसिद्धजवळ ठेवलं, अण्णांना सुगतच्या जागेवर बसवून बांधलं आणि गाडी काढली. दोन किलोमीटरवर मार्शल उभा होता. त्यानं रक्त बघून वायरलेस तोंडाशी धरला.

"मल्लिनाथ काही बोलला का तुला?" ॲम्ब्युलन्स येईस्तोवर तिनं विचारलं.

"न्हाई ताई. अंगठा दाखवून गेला. मी म्हटलं, अण्णांची गाडी नुसती बंद पडली असंल."

लातूरला ऑपरेशन दुपारभर चाललं. अण्णांची तीन बोटं काढावी लागली, आणि उरलेल्या दोन बोटांत पुन्हा बळ येईल का हे डॉक्टर सांगेनात. "आधी आणलं असतं तर?" पंचशीलानं विचारलं. डॉक्टर म्हणाले, "तसं सांगता येत नाही. कदाचित." अण्णांची बायको महादेवी बाकावर पदर तोंडाशी धरून बसली होती. तो 'कदाचित' तिनंही ऐकला.

बक्षीस समारंभ सहाला होता, लातूरमधल्याच एका मंगल कार्यालयात. सुगत म्हणाला, "आज राहू दे. उद्या बोलू." पंचशीला म्हणाली, "अहो, तुम्ही इथं थांबा," आणि गेली. अंगावर सकाळचाच डगला होता, बाह्या कोपरापर्यंत रक्त वाळून कडक झालेल्या.

हलगी वाजत होती. स्टेजवर मल्लिनाथच्या हातात ढाल, गळ्यात हार. शिवगंगा एका बाजूला, खाली मान घालून. माणसं वाटेतून बाजूला होत गेली तशी हलगीही थांबली.

"का थांबला न्हाईस?" पंचशीलानं स्टेजखालूनच विचारलं. आजवर ती त्याला 'तुम्ही' म्हणत आली होती.

मल्लिनाथचा चेहरा उतरला. "ताई, मला आत्ताच कळलं अण्णांचं. मला फार वाईट—"

"का थांबला न्हाईस?"

"तो हात हलवत होता. मला वाटलं, पुढं जा म्हणतोय. आम्ही ठीक आहोत, जा."

"फुली होती ती!"

"मला नाही कळलं. खरंच नाही कळलं, ताई."

"तुला कळलं न्हाई," ती म्हणाली, आणि तिचा आवाज इतका चढला की मागं पत्रावळी मांडणारी पोरं थबकली. "साध्या वर्गातला शेंबडा पोरगा सांगंल फुली म्हणजे काय! तुला कळलं न्हाई, कारण कळायच्या जागी तू आलाच न्हाईस. तू वरच्या मजल्यावर विमानानं उतरलास. तीन बोटं गेली माणसाची. गॅरेजवाला हाय तो. पाना कशानं धरायचा त्यानं?"

सटवाजी स्टेजवरून घाईनं खाली उतरले. "पंचशीलाबाई, इथं नको. चौकशी करू. रीतसर करू."

"करा. आन् ती ढाल त्याच्या हातातून काढा तोपर्यंत."

ढाल कुणीच काढली नाही. मल्लिनाथ ती धरून उभा होता. ठेवावी की न ठेवावी हे त्याला कळत नव्हतं. पंचशीला वळून बाहेर पडली. पायरीवर आल्यावर तिला आठवलं की सकाळपासून पोटात काही नाही.

दुसऱ्या दिवशी ती रजा टाकून अण्णांजवळ बसली. हात उशांवर, कोपरापर्यंत पांढरा गुंडाळलेला. अण्णा तिच्याकडं बघून म्हणाले, "लई बोललीस म्हणं काल."

"कमी बोलले."

"तुला आठवतं का, तुझी पहिली शर्यत? साध्या वर्गातली. चिखलात एक जण रुतला होता, हात करून राहिला होता, आन् तू त्याच्या अंगावर चिखल उडवून गेलीस. मी तुला कसलं झापलं होतं."

तिला आठवत होतं. अण्णांनी भर माळावर तिच्या बॉनेटवर हात आपटला होता. ती रडली होती.

"म्हणून म्हणतो. नवा माणूस चुकतो. दार लावू नको."

"अण्णा, तिथं दर अर्ध्या किलोमीटरला माणूस उभा होता. मी थांबले न्हाई, तर दुसरा थांबला. गाडी सायकलच्या वेगानं चालली होती. चुकायची जागाच ती. चुका तिथं करायच्या असतात, म्हणून तर खालचा वर्ग हाय. यानं त्याची पहिली चूक तुमच्या हातावर केली."

 "मत तर मीच दिलं," अण्णा म्हणाले. "हात माझा गेला, मत माझं होतं. तू कामून एवढी जळून राहिलीस?"

"जळू द्या मला. तुम्हाला राग येत न्हाई, महादेवी वैनी नुसत्या रडून राहिल्यात. कुणाला तरी यायला पायजे का न्हाई?"

महादेवी कोपऱ्यातून म्हणाली, "मला बी येऊन राहिलाय. पण मी कुणावर काढू? ह्यांच्यावर?" 

चौकशी पंधरा दिवसांनी बसली, सटवाजींच्या दुकानावरच्या त्याच खोलीत. रेवणसिद्ध कुबडी घेऊन आला. त्यानं सांगितलं. मार्शलनं सांगितलं. मग मल्लिनाथनं सांगितलं, तेच: हात हलत होता, खूण कळली नाही. तो खोटं बोलत असावा असं त्याच्याकडं बघून वाटत नव्हतं. पाचसहा जणांच्या माना हलल्या. सटवाजींनी लिहायला घेतलं, "नवखेपणामुळे गैरसमज..."

"गैरसमज नव्हता," शिवगंगा म्हणाली.

ती भावाच्या शेजारीच बसली होती. तिला कुणी विचारलंही नव्हतं.

"शिवे," मल्लिनाथ हळूच म्हणाला.

"दादा, मी वही वाचत होते. मी फुली बघितली. मी म्हणाले, थांब, मदत मागतायत. तू म्हणालास, मागून पंचशीलाताई येते आहे, ती थांबेल. मी परत म्हणाले, थांब. तू म्हणालास, आपण पहिले आहोत." ती भावाकडं न बघता बोलत होती. "मग मी गप्प बसले. पुढं मार्शल होता. त्याला मी तरी सांगायला पाहिजे होतं. नाही सांगितलं. दादानं अंगठा दाखवला, आणि मीही दाखवला."

 मल्लिनाथनं डोळे मिटून घेतले.

पंचशीलाला वाटलं होतं, खरं बाहेर आलं की आपण मोकळ्या होऊ. झालं उलटंच. मघापर्यंतचा राग एका माणसावर होता, आता तो दोघांवर झाला.

"दोनदा म्हणालीस," ती शिवगंगाला म्हणाली. "दोघांच्या मधोमध लाल खटका असतो. दाबला की इंजिन बंद. त्याचसाठी असतो, शेजारच्यालाबी हात पोचावा म्हणून. तो कामून दाबला न्हाईस?"

शिवगंगानं तिच्याकडं बघितलं. "तो लाल? मला माहीत नव्हतं तो कशाचा आहे."

 पंचशीलाच्या तोंडाशी आलेली शिवी तिथंच अडली. चाळीस किलोमीटरचा फेरा, सगळ्यात अवघड वर्ग, आणि गाडीत बसलेल्या बाईला गाडी बंद कशी करायची हे ठाऊक नाही. आणि अकरांतल्या सात माणसांनी हात वर करून तिला तिथं बसवलेलं.

"लिहा," ती सटवाजींना म्हणाली. "हे बी लिहा. आन् खाली आपली सगळ्यांची नावं लिहा. सात जणांची आधी."

सटवाजींनी पेन बाजूला ठेवलं. मग परत उचलून म्हणाले, "माझं पहिलं लिहितो."

मल्लिनाथला बाद केलं, दोन वर्षं बंदी घातली. सहा शर्यतींचा नियम परत आला आणि तो मतानं मोडता येणार नाही असं ठरलं. मल्लिनाथ निघताना पंचशीलासमोर थांबला. "मी अण्णांचा सगळा खर्च करीन," तो म्हणाला. "ते तू करशीलच," ती म्हणाली, "पण ते करून सुटलास असं समजू नकोस." तो जिना उतरला. पुढं दोन महिन्यांत तो कुठल्याशा दुसऱ्या शहरातल्या शर्यतीत उतरल्याचे फोटो मोबाईलवर फिरले. तिथं पायरीबियरी काही नव्हती म्हणे. ते फोटो बघून पंचशीलानं डेपोत हातातला पाना एवढ्या जोरात आपटला की शेजारच्या बसखालून दोघं बाहेर आले.

डाळमिलवाले गेले, तशी ॲम्ब्युलन्सही गेली. पुढच्या हिवाळ्यात क्लबची माणसं दारोदार फिरली. औशाच्या एका डॉक्टरनं स्वतःची गाडी आणि कंपाउंडर द्यायचं कबूल केलं. वेळ मोजायला सुगतनं शाळेतले चार मास्तर आणले. खुल्या वर्गात पाचच गाड्या राहिल्या. फेरा लहान करावा लागला. पंचशीलाच्या कानावर आलं, की काही जण म्हणतात, बाईच्या रागापायी क्लब भिकेला लागला. ती त्यांच्या तोंडावर म्हणाली, "लागू दे."

अण्णा आले नाहीत. गॅरेज आता रेवणसिद्ध बघतो. अण्णा खुर्चीवर बसून सांगतात, आणि पाना निसटला की स्वतः उठायला जातात, मग परत बसतात. पंचशीला महिन्यातून एकदा उदगीरला जाऊन येते. शर्यतीचं ते विचारत नाहीत, ती सांगत नाही.

नाव नोंदवायच्या दिवशी मंडपात टेबलामागं पंचशीला बसली होती. रांगेत चौथी शिवगंगा निघाली. मागं एक जुनी, रंग उडालेली जीप उभी होती. फॉर्मवर तिनं साधा वर्ग लिहिला होता, आणि चालक म्हणून स्वतःचं नाव.

"भाऊ कुठाय?"

"मी त्याच्याशी बोलत नाही. म्हणजे, तो माझ्याशी." तिनं चष्मा वर सरकवला. "घरी माहीत नाही मी इथं आल्याचं."

"शेजारी कोण बसणार?"

"मैत्रीण. अंजू. गाडीतलं सगळं तिला दाखवलं. दोनदा."

पंचशीलानं फॉर्म उलटसुलट बघितला. रक्तगट लिहिलेला, सही केलेली, सगळं ठीक. मागच्या माणसांची चुळबुळ सुरू झाली.

"ताई, तुम्हाला अजून माझा राग येतो का?"

"हाव."

शिवगंगाचा हात टेबलावरून मागं गेला. "मग मी... जाऊ का?"

"जायचं तर जा. पण माझा राग जायला पायजे असं नियमात कुठं न्हाई." पंचशीलानं शिक्का उचलून फॉर्मवर दाबला आणि शेजारच्या तपासणीच्या टेबलाकडं बोट केलं. "तिकडं गाडी दाखव. पुढचा कोण?"